जनुकांची यादी, विकरांची साक्ष

विकरांमधल्या, म्हणजे एन्झाइमांमधल्या, विविधतेचा अभ्यास आता इतिहासजमा झाला, असे जीवशास्त्राच्या वर्गात सहज सांगितले जाते. त्यामागचा हिशेब सरळ दिसतो. विकर हे प्रथिन. प्रथिन जनुकाबरहुकूम बनते. जनुकाचा क्रम आता थेट वाचता येतो. मग मधल्या प्रथिनापाशी थांबायचे कशाला? डीएनए वाचणे महाग होते तोवर संशोधकांनी जेलवरच्या रंगीत पट्ट्यांवर भागवले आणि ते स्वस्त झाल्यावर पट्ट्यांचे दिवस संपले, अशी ही कथा.

ती अर्धीच खरी आहे, आणि तिच्यातली चूक शेतीला महागात पडू शकते. एखाद्या जिवाजवळ काय लिहून ठेवले आहे, हे डीएनए सांगतो. त्या लिहिलेल्यातले प्रत्यक्ष काय बनले, किती बनले आणि ते काम करते आहे का, हे विकर सांगते. प्रश्न दोन आहेत, म्हणून पुरावेही दोन लागतात. खाद्य अळिंबी, पिके आणि पिकांवरच्या किडी यांच्या अभ्यासात विकरांनी बरीच उत्तरे डीएनएच्या आधी दिली, एवढेच त्यांचे श्रेय मानले जाते. खरे तर काही उत्तरे आजही विकरांकडूनच सर्वांत सरळ मिळतात. ते कसे, हे पायरीपायरीने पाहावे लागेल, आणि विरोधी बाजूच्या आक्षेपांत जे खरे आहे तेही मान्य करावे लागेल.

1. पट्टी कशाचा पुरावा असते

कृती साधी आहे. पानाचा तुकडा, अळिंबीचे तंतू किंवा अख्खा कीटक थंड द्रावणात चिरडायचा, तो रस जेलच्या एका टोकाशी ठेवायचा आणि वीजप्रवाह सोडायचा. प्रथिने आपापल्या विद्युतभाराप्रमाणे आणि आकाराप्रमाणे कमी-जास्त वेगाने सरकतात. ऑलिव्हर स्मिथीज यांनी 1955 मध्ये टोरांटो येथे या कामासाठी स्टार्चचा जेल वापरला; आई कपड्यांना घालायची ती खळ थंड झाल्यावर घट्ट होते, ही लहानपणची आठवण त्यांच्या कामी आली. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी त्या जेलवर विकरे रंगवून दाखवली. 1959 मध्ये मार्कर्ट आणि मोलर यांनी एकच काम करणाऱ्या विकरांच्या वेगवेगळ्या रूपांना आयसोझाइम हे नाव दिले.

या रंगवण्यातच सगळ्या युक्तिवादाचे मूळ आहे. जेलमध्ये शेकडो प्रथिने पसरलेली असतात, पण त्यावर विशिष्ट विकराचे खाद्य आणि रंगद्रव्य ओतले की ते विकर जिथे असेल तिथेच रंग उमटतो, कारण तो रंग त्या विकराने तिथल्या तिथे घडवलेल्या रासायनिक क्रियेचा असतो. विकर निकामी असेल तर पट्टी दिसत नाही. म्हणजे दिसणारी प्रत्येक पट्टी एका चालू यंत्राची खूण असते.

दुसरा गुण आनुवंशिकतेचा. आईबापांकडून आलेली जनुकाची दोन रूपे वेगळी असतील तर दोन्हींची विकरे जेलवर एकाच वेळी दिसतात. कुणी कुणाला झाकत नाही. शिवाय काही विकरे दोन घटक जोडून बनतात. अशा वेळी दोन शुद्ध जोड्यांच्या मध्ये तिसरी, मिश्र जोडीची पट्टी उमटते. ही मधली पट्टी पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

1966 मध्ये शिकागोत रिचर्ड लेवॉन्टिन आणि जॅक हबी यांनी फळमाशीच्या एका जातीतले 18 जनुक याच पद्धतीने तपासले. साधारण समूहात सुमारे 30 टक्के जनुकांची एकाहून अधिक रूपे निघाली आणि एकेक माशी सरासरी 12 टक्के जनुकांच्या बाबतीत मिश्र निघाली. त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरी हॅरिस यांना माणसांतही असेच आढळले. निसर्गात एवढी विविधता दडलेली असेल असे तोवर बहुतेकांना वाटलेच नव्हते. मोटो किमुरा यांचा 1968 चा तटस्थ उत्क्रांतीचा सिद्धान्त या निष्कर्षांशी झगडतच पुढे आला. शेतीशास्त्राने ही पद्धत उचलली ती यानंतर.

2. ओळख: एकाच नावाखाली दोन जीव

ब्राझीलच्या पॅराना राज्यात कॉफीची झाडे मुळांवरच्या सूत्रकृमींनी मरत होती. हा सूत्रकृमी मेलॉइडोगायने इन्कॉग्निटा, म्हणजे टोमॅटो, वांगी, भेंडी, डाळिंब अशा अनेक पिकांच्या मुळांवर गाठी करणारा नेहमीचाच शत्रू, असे समजले जात होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत फरक करणे कठीण. पण त्याच्या माद्यांतले इस्टरेज विकर रंगवले तेव्हा पट्टी इन्कॉग्निटाच्या जागी उमटेना. 1996 मध्ये तो वेगळी जात म्हणून नोंदला गेला आणि राज्याच्या नावावरून त्याला पॅरानाएन्सिस म्हटले गेले. कॉफीचे कोणते खुंट कोणत्या सूत्रकृमीला तोंड देतात, हा सगळा हिशेब या नावावर अवलंबून असतो. नाव चुकले तर प्रतिकारक म्हणून लावलेले झाडही मरते.

हे एकट्या ब्राझीलचे नाही. अमेरिकेत एस्बेनशेड आणि ट्रायंटाफिलू यांनी जगभरातून आणलेल्या सूत्रकृमींची इस्टरेज आणि मॅलेट डीहायड्रोजनेज ही दोन विकरे तपासून 1985 मध्ये ओळखीची एक चौकट मांडली. इन्कॉग्निटाची एक ठळक पट्टी, जावानिकाच्या तीन, हॅप्लाची आपल्या वेगळ्या जागी एक. चार दशकांनंतरही अनेक प्रयोगशाळा तीच चौकट वापरतात, आणि ही केवळ सवय नव्हे. उष्ण प्रदेशातले हे गाठी करणारे सूत्रकृमी जुन्या संकरांतून निपजले आहेत, त्यांच्या जीनोमच्या एकाहून अधिक प्रती आहेत आणि ते नराविनाच प्रजा वाढवतात. जात ओळखण्यासाठी डीएनएचा जो तुकडा सर्वत्र वापरला जातो, तो इन्कॉग्निटा, जावानिका आणि अरेनारिया यांच्यात जवळजवळ सारखाच असतो. जिथे नेहमीचा डीएनए तुकडा तिघांना एकच समजतो, तिथे इस्टरेज तिघांना वेगळे काढते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू, पिकाच्या अंगाने. टोमॅटोच्या लागवडीतल्या वाणांत सूत्रकृमीला प्रतिकार नव्हता. तो पेरू देशाच्या बाजूच्या एका रानटी नातलगात होता. 1944 च्या सुमारास त्या नातलगाशी केलेल्या संकराचा गर्भ फळातून काढून काचेत वाढवावा लागला, आणि त्या एका रोपातून एमआय हे प्रतिकारक जनुक जगभरच्या टोमॅटोत गेले. अडचण निवडीची होती. कोणत्या रोपात जनुक आले हे पाहण्यासाठी रोपे सूत्रकृमींनी भरलेल्या मातीत वाढवायची, आठवडे थांबायचे, मग उपटून मुळांच्या गाठी मोजायच्या. 1974 मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स रिक आणि फोब्स यांच्या लक्षात आले की त्या रानटी नातलगाकडून आलेले ॲसिड फॉस्फटेज विकराचे एक रूप प्रतिकारक रोपांत हटकून सापडते. दोन्ही जनुके गुणसूत्रावर शेजारी होती. मग कोवळ्या रोपाचे पान चिरडून एका जेलवर निकाल मिळू लागला. पीकसुधारणेत जनुकीय खूण पाहून रोप निवडण्याची जी पद्धत आज सर्रास चालते, तिचे प्रत्यक्ष बियाणे बाजारापर्यंत पोहोचलेले हे अगदी आरंभीचे उदाहरण. 1998 मध्ये एमआय जनुक वेगळे काढले गेले, तेही या विकराच्या शेजाराचा माग काढत.

या शेजाराला मर्यादा आहेत, हे त्याच कथेत दिसते. काही वाणांत दोन जनुकांची ताटातूट झाली आणि विकर नसूनही प्रतिकार राहिला. जमिनीचे तापमान 28 अंशांवर गेले की एमआय ढिले पडते. नारायणगाव किंवा नाशिकच्या उन्हाळी टोमॅटोला हे लागू आहे. आणि एन्टरोलोबी नावाचा सूत्रकृमी एमआयला मुळीच जुमानत नाही. त्याला ओळखण्याचा सोपा मार्ग पुन्हा त्याच्या इस्टरेजच्या पट्ट्याच.

पिकांच्या गोत्राबाबत विकरांनी केलेले काम तर इतके पक्के निघाले की डीएनएने त्यावर बहुतांशी शिक्कामोर्तब केले. 1987 मध्ये ग्लाझमान यांनी आशियातल्या 1688 परंपरागत भातवाणांचे 15 जनुक विकरांवरून तपासले. भात म्हणजे इंडिका किंवा जपोनिका, हा सरधोपट भेद त्यांच्या आकडेवारीत टिकला नाही. सहा गट निघाले. लांब दाण्याची बासमती सगळे इंडिका समजत होते, ती इंडिकात बसलीच नाही आणि जपोनिकाच्या जवळ निघाली. पुढे जीनोम वाचल्यावर बासमतीत जपोनिकाच्या मुळाचा मोठा भाग आणि आउस गटाची सरमिसळ दिसली. बासमती आणि जास्त उत्पन्नाच्या इंडिकाच्या संकरांत वंध्यपणा का येतो, याचा उलगडा त्यात आहे. बंगाल-ओडिशाकडचा हा आउस गटही याच पट्ट्यांतून स्वतंत्र ठरला. पुराखाली तग धरणारे आणि स्फुरदाच्या तुटवड्यात वाढणारे जनुक ज्या वाणांत सापडले, ते या गटाचे आहेत.

मक्याचेही तसेच. मका कशापासून आला यावर अर्धे शतक वाद चालला. एका बाजूला टिओसिंटे या रानटी गवताचे नाव होते, दुसऱ्या बाजूला नष्ट झालेल्या एखाद्या रानटी मक्याचे. 1984 मध्ये डोब्ली, गुडमन आणि स्टूबर यांनी विकरांवरून दाखवले की मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातले टिओसिंटे मक्याच्या सर्वांत जवळचे आहे. 2002 मध्ये डीएनएच्या खुणांनी तोच प्रदेश दाखवला आणि वर काळ दिला: सुमारे 9000 वर्षांपूर्वी.

3. जीवनक्रम: अळिंबीतले दोन पाहुणे

विकरांनी सर्वांत सुंदर काम केले ते बटन अळिंबीच्या बाबतीत, आणि इथे थोडे थांबायला हवे.

अळिंबीच्या साध्या जातींत एका बीजाणूतून एकाच प्रकारच्या केंद्रकाचे तंतू वाढतात. ते वंध्य असतात. दुसऱ्या अनुरूप तंतूशी मीलन झाले की एका पेशीत दोन वेगळी केंद्रके राहू लागतात आणि मगच छत्री येते. संकर करणाऱ्याला हे सोयीचे. बटन अळिंबी, अ‍ॅगॅरिकस बायस्पोरस, मात्र निराळी वागते. तिच्या बीजाणूधारी पेशीवर चारऐवजी बहुतेक वेळा दोनच बीजाणू येतात आणि प्रत्येकात दोन केंद्रके बांधलेली असतात. असा एकटा बीजाणू रुजला की थेट छत्र्या देतो. मीलनाची गरजच उरत नाही. म्हणूनच फ्रान्समध्ये शतकांपूर्वी सुरू झालेल्या या लागवडीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खरा संकरित वाण नव्हता. लोक चांगल्या छत्रीचे तंतू वाढवत होते, बीजाणू पेरत होते, त्यातून निवडत होते. आणि बाहेरून नवे काही येतच नव्हते.

संकर करायचा तर आधी एका केंद्रकाचे तंतू हवेत. ते क्वचित येणाऱ्या तीन-चार बीजाणूंच्या पेशींतून मिळतात, पण दिसायला दोन्ही तंतू सारखेच. छत्री आली नाही म्हणजे एका केंद्रकाचाच तंतू, असेही म्हणता येत नाही. छत्री न येण्याची कारणे अनेक असतात. शिवाय दोन तंतू एकत्र वाढवले आणि छत्री आली, तर ती संकराची की एका तंतूची स्वतःची, हे कसे ठरवायचे?

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॅनियल रॉयस आणि बर्नी मे यांनी या गाठी विकरांनी सोडवल्या. मूळ वाण ज्या विकराबाबत मिश्र आहे, त्याच्या बीजाणूंपासून वाढलेल्या तंतूत दोन्ही पट्ट्या दिसल्या तर दोन्ही केंद्रके आत आहेत. अनेक विकरांबाबत सर्वत्र एकेकच पट्टी दिसली, तर तो बहुधा एका केंद्रकाचा. मग वेगवेगळ्या पट्ट्यांचे दोन तंतू जोडायचे आणि पुन्हा तपासायचे. दोन्ही पट्ट्या आल्या म्हणजे संकर झाला. 1982 मध्ये त्यांनी असे संकर विकरांवरून पडताळून दाखवले. बाजारात निरनिराळ्या नावांनी विकले जाणारे बरेच वाण एकाच साच्याचे आहेत, हेही त्याच पट्ट्यांनी उघड केले.

इथे डीएनएच्या समर्थकाला एक प्रश्न विचारावा. तबकडीत दोन तंतू शेजारी वाढले आहेत, मिसळलेले आहेत, पण त्यांचे मीलन झालेले नाही. त्यांचा डीएनए एकत्र काढला तर दोन्ही रूपे दिसणारच. मग संकर आणि नुसते मिश्रण यांत फरक कसा करायचा? दोन घटकांच्या विकराची ती मधली पट्टी इथे निर्णायक ठरते. ती तेव्हाच उमटते, जेव्हा दोन वेगळ्या केंद्रकांनी पाठवलेल्या सूचनांवरून घटक एकाच पेशीद्रवात बनतात आणि एकमेकांना जोडले जातात. दोन तंतू नुसते शेजारी असतील तर बाजूच्या दोन पट्ट्या येतील, मधली येणार नाही. सहजीवनाचा हा पुरावा जनुकांच्या यादीतून मिळत नाही, कारण यादीत एकत्र असणे आणि पेशीत एकत्र काम करणे या भिन्न गोष्टी आहेत.

नेदरलँड्समध्ये गेर्डा फ्रिट्शे यांनी पांढऱ्या आणि फिक्या रंगाच्या वाणांचा संकर करून 1980 च्या सुमारास हॉर्स्ट यू 1 आणि यू 3 हे वाण दिले. ते इतके यशस्वी झाले की जगभरची पांढरी बटन अळिंबी यू 1 आणि त्याच्या अगदी जवळच्या नातलगांवर येऊन ठेपली. यशाची ही दुसरी बाजू काळजी करायला लावणारी आहे. एवढ्या निरुंद पायावर उभ्या असलेल्या पिकाला नवा रोग आला तर प्रतिकार शोधायचा कुठे? त्याचे उत्तर शोधायला सुरुवात झाली तीही विकरांनीच. 1989 मध्ये रिचर्ड केरिगन आणि इयान रॉस यांनी कॅलिफोर्नियातल्या रानटी बटन अळिंबीत अशी विकररूपे दाखवली, जी लागवडीतल्या वाणांत नव्हती. पुढे सोनोरन वाळवंटात चार बीजाणूंची उपजातही सापडली, आणि तिच्यामुळे या अळिंबीत नेहमीच्या पद्धतीने संकर करण्याची वाट मोकळी झाली.

महाराष्ट्रात हा विषय धिंगरी अळिंबीच्या मार्गाने येतो. भाताच्या, गव्हाच्या काडावर किंवा सोयाबीनच्या भुसावर बिनखर्चाच्या शेडमध्ये वाढणारी ही अळिंबी राज्यातल्या अनेक बचतगटांच्या ओळखीची आहे. तिचे स्पॉन, म्हणजे बियाणे, वर्षानुवर्षे प्लुरोटस साजोर-काजू या नावाने विकले गेले. ज्या बुरशीला मुळात साजोर-काजू नाव दिले होते ती भलतीच, लेंटिनस या प्रजातीतली. लागवडीतली खरी पल्मोनारियस. 1990 च्या दशकात विकरांच्या पट्ट्या आणि मीलनाचे प्रयोग यांनी पल्मोनारियस आणि ऑस्ट्रिएटस या दोन जाती स्पष्ट वेगळ्या केल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा नावाचा किस नाही. एक जात ऊब सहन करते, दुसरीच्या अनेक वाणांना छत्री धरायला थंडी लागते. चुकीच्या नावाची पिशवी मार्चमध्ये विदर्भात उघडली तर नुकसान स्पॉन विकणाऱ्याचे होत नाही.

4. काम: मावा आणि त्याचे ई4

आतापर्यंत विकर ओळखपत्रासारखे वापरले गेले. आता ते स्वतःच कर्ता आहे असे उदाहरण.

बटाटा, मिरची, कोबी, तंबाखू यांवरचा हिरवा मावा, मायझस पर्सिकी, ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकांना दाद देईनासा झाला. 1971 मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संस्थेत नीडहॅम आणि साविकी यांना दिसले की प्रतिकारक माव्यात इस्टरेज विकर जास्त असते. पुढे ॲलन डेव्हनशायर आणि सहकाऱ्यांनी ते विकर, ई4, वेगळे काढले. ते विषाचा नाश करते, पण फार सावकाश. मुख्यतः ते विषाला धरून ठेवते. म्हणून ते प्रचंड प्रमाणात लागते, आणि प्रतिकारक मावा ते प्रचंड प्रमाणात बनवतोच. त्याच्या जीनोममध्ये या जनुकाच्या अनेक प्रती तयार झालेल्या असतात, हे 1988 मध्ये सिद्ध झाले. एकेका माव्यातले ई4 मोजण्याची चाचणीही रॉथमस्टेडने बसवली, आणि फवारणीचा सल्ला त्यावर देता येऊ लागला.

इथवरची गोष्ट डीएनए-समर्थकालाही पटेल: प्रती मोजा, प्रतिकार कळेल. पण पुढचा टप्पा या सबंध वादाचा मुद्दा स्पष्ट करतो. काही अतिप्रतिकारक माव्यांची पिढी अचानक पुन्हा विषाला बळी पडू लागली. तपासले तेव्हा ई4 जनुकाच्या जादा प्रती जशाच्या तशा होत्या. विकर मात्र गायब झाले होते. 1989 मध्ये लिंडा फील्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्या प्रतींवरची मेथिल खूण पुसली गेली होती आणि जनुके मुकी झाली होती. अशा माव्याच्या डीएनएमधल्या प्रती मोजणाऱ्याने त्याला अतिप्रतिकारक ठरवले असते, आणि शेतात तो साध्या औषधाने मेला असता. फवारणीचा निर्णय विकराच्या मापावर घेतला तरच तो बरोबर येतो.

आता आक्षेप

पहिला: जेल फार थोडे पाहते. हा आक्षेप खरा आहे. अमिनो आम्ल बदलूनही विद्युतभार बदलत नसेल तर पट्टी जागची हलत नाही. सिंग, लेवॉन्टिन आणि फेल्टन यांनी 1976 मध्ये परिस्थिती बदलून जेल चालवले तेव्हा एका विकराच्या आधी 6 वाटलेल्या रूपांची 37 रूपे निघाली. पण याच्या जोडीला 1983 चा मार्टिन क्राइटमन यांचा अभ्यास वाचावा. त्यांनी फळमाशीच्या अल्कोहोल डीहायड्रोजनेज जनुकाच्या 11 प्रती पूर्ण वाचल्या. 43 जागी फरक सापडले. त्यांतल्या एकाच फरकाने प्रथिन बदलत होते, आणि नेमका तोच जेलवरच्या मंद आणि जलद पट्ट्यांमागचा फरक निघाला. जेलने 42 फरक गमावले खरे, पण प्रथिनाला स्पर्श करणारा फरक त्याने अचूक टिपला होता. वंशावळ मांडायची असेल तर 43 हवेत. कामातला फरक शोधायचा असेल तर त्या एकापासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

दुसरा: विकर नाशवंत आहे आणि चंचलही. पान वाळले, नमुना उन्हात पडला, की विकर गेले. मुळातल्या आणि पानातल्या पट्ट्या वेगळ्या येऊ शकतात. सूत्रकृमीच्या इस्टरेजसाठी अंडी घालणारी मादीच लागते, जमिनीतली पिल्ले चालत नाहीत. हेही मान्य करावेच लागेल. याचे ठळक उदाहरण बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याचे. जगभर यू एस 1 या वंशाचे वर्चस्व पट्ट्यांवरून दिसले होते, त्यामुळे 1845 नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडणारा करपा तोच असावा असे मानले गेले. वनस्पतिसंग्रहालयांत जपलेल्या वाळक्या पानांत विकरे उरली नव्हती, डीएनए मात्र उरला होता. 2001 मध्ये आणि पुढे 2013 मध्ये त्यातूनच तो समज चुकीचा ठरला. मेलेल्या आणि जुन्या नमुन्यांबाबत डीएनएला पर्याय नाही. जिवंत रोगाबाबत मात्र हाच करपा उलट साक्ष देतो. 1990 च्या दशकात अमेरिकेत यू एस 8 हा नवा वंश पसरला. तो मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकाला जुमानत नव्हता. ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेज या विकराची पट्टी सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पत्र्यावर काढून, पानावरच्या डागापासून काही तासांत वंश सांगण्याची पद्धत गुडविन आणि फ्राय यांच्या गटाने 1995 मध्ये दिली. त्यावरून त्या औषधाची फवारणी वाया जाणार की नाही हे त्याच आठवड्यात कळू लागले.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यातच सर्वांत कमी तथ्य आहे: डीएनए आता स्वस्त आहे, तेव्हा वाद कशाला? स्वस्त काय झाले हे पाहावे. क्रम वाचणे स्वस्त झाले. त्या क्रमाचा अर्थ लावणे, म्हणजे हे जनुक या ऊतीत, या तापमानाला, या दिवशी चालू आहे का हे ठरवणे, स्वस्त झालेले नाही. त्यासाठी अखेर विकराची क्रियाच मोजावी लागते. माव्याच्या शरीरातले ॲसिटिलकोलिनेस्टरेज बदलल्याने पिरिमिकार्ब या कीटकनाशकाला आलेला प्रतिकारही विकराच्या क्रियेवरूनच थेट मोजता येतो. उलट पायरेथ्रॉइड कीटकनाशकांना येणारा प्रतिकार मुख्यतः चेतापेशींच्या सोडियम मार्गातल्या बदलाने येतो. त्या बदलात विकर नाहीच, म्हणून जेलही उपयोगाचा नाही, डीएनएच हवा. कोणता पुरावा कधी, हे किंमत ठरवत नाही, यंत्रणा ठरवते.

पांढऱ्या माशीचा इतिहास दोन्ही पुराव्यांच्या मेळाचा आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेमिसिया टॅबसी अचानक कितीतरी अधिक पिकांवर तुटून पडू लागली. इस्टरेजच्या पट्ट्यांनी तिच्यात ए आणि बी असे दोन प्रकार दाखवले. पुढे डीएनएने ती एक जात नव्हे, दिसायला सारख्या अनेक जातींचा समूह आहे हे पुढे आणले. 1999 मध्ये बी प्रकार कर्नाटकात कोलारच्या टोमॅटोत सापडला आणि त्याबरोबर पर्णगुच्छाची साथ आली. पट्ट्यांनी शंका उपस्थित केली नसती, तर वाचायचे काय हेच डीएनएला कुणी विचारले नसते.

काय करता येईल

महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांकडे जेल चालवण्याची साधने आणि ती चालवलेली माणसे अजून आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे केंद्रही आहे. धिंगरीच्या स्पॉनच्या प्रत्येक मातृसंवर्धनाच्या तीन-चार विकरांच्या पट्ट्यांची नोंद ठेवली, आणि शंका आली की त्याचाच डीएनए वाचला, तर नाव आणि माल यांचा मेळ ठेवता येईल. त्या स्पॉनच्या पिशव्यांचे उत्पन्न कमी झाल्यावर तंतू मरगळला की मुळात दुसराच होता, हेही सांगता येईल.

पेरूची गरज आणखी तातडीची आहे. एन्टरोलोबी हा सूत्रकृमी भारतात तमिळनाडूतल्या पेरूच्या बागांत नोंदला गेला आणि लागण झालेल्या कलमांबरोबर इतरत्र गेला. एकदा बागेत शिरला की तो निघत नाही आणि त्याने पोखरलेली मुळे झाड सुकवतात. रोपवाटिकेतून कलमे उचलण्याआधी काही पिशव्यांची मुळे धुऊन गाठी पाहाव्यात. गाठ असेल तर तिच्यातली दुधाळ मादी सुईने काढून तिचे इस्टरेज रंगवावे. निकाल बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत हाती येतो. एन्टरोलोबीच्या दोन ठळक पट्ट्या दिसल्या तर त्या गाठीतल्या दुसऱ्या मादीचा डीएनए वाचून खात्री करावी आणि तोवर ती रोपे जागची हलवू नयेत.